औंधचा रस्सा आणि विश्रामबागला पोचवलेला डबा

आबा आमच्या सोसायटीच्या गेटवर आठ वर्षं होते. फौजेतून निवृत्त झालेला माणूस, पाहुण्यांच्या रिक्षेलाही सॅल्यूट ठोकायचा. कायमचे गावी निघाले तेव्हा म्हणाले, "ताई, एकदा गावाकडं या. आमच्या हिच्या हातचा रस्सा खावा, मग लिवा तुमच्या ब्लॉगवर." यंदा थंडीत दोन दिवस मोकळे मिळाले आणि मी एकटीच गाडी काढली. रस्सा खाल्ला, आणि लिहितेही आहे. (नावं बदललीत. आबांना विचारूनच लिहिलंय.)

पुण्याहून सातारा, तिथून रहिमतपूरमार्गे औंध. सकाळी सहाला निघालात तर दहापर्यंत पोचाल. पुढे उसाच्या ट्रॉल्या आडव्या येतात आणि त्या कुणालाही बाजू देत नाहीत. यमाईच्या डोंगरावर गाडी बरीच वर जाते. वरून एकीकडे उघडे माळ दिसतात, दुसरीकडे कॅनॉलच्या पाण्यावरचे हिरवे पट्टे. खाली मिसळ आणि चहा शंभराच्या आत होतो. मी मात्र पोट राखून ठेवलं होतं.

आबांचं गाव वडूजच्या अलीकडे. आबांच्या पत्नी, म्हणजे काकी, पाट्यावर भाजलेला कांदा, सुकं खोबरं, तीळ वाटत होत्या. चुलीवर मातीच्या मडक्यात मटण हळद-मिठात शिजत होतं. मी तेलाचं विचारलं तर म्हणाल्या, "ह्याला त्याल कशाला? सवताचीच चरबी लय हाय." मी वहीत लिहिलं, 'तेल अजिबात नाही, कमाल!' आणि खाली दोन रेघा मारल्या. खाण्यावर लिहिणारी म्हणून मिरवते मी, पण तेव्हाही डोक्यात काही शिरलं नाही.

बाजरीची भाकरी कुस्करून दोन वाट्या रस्सा संपवला आणि लाज सोडून तिसरी मागितली. मग विचारलं, "काकी, बोकड कुठल्या बाजारातला?"

"बोकड कशाचं? रानडुक्कर हाय."

घास हातातच राहिला. आबांनी शांतपणे सांगितलं. गावात ऊस आला तशी उसात डुकरं आली. काल शेवटचा पट्टा तोडताना एक बाहेर पडलं आणि गड्यांनी काठ्या-कुऱ्हाडींनी पाडलं. मग बांधावरच वाटे घातले. गावची रीत अशी, की ज्याच्या घरी पाहुणा येणार त्याला एक वाटा जास्त. "तुमच्या नावाचाबी घेतला," आबा कौतुकानं म्हणाले.

"अहो आबा, हा गुन्हा आहे!"

"गुन्हा कसला? अर्धा एकर ऊस लोळवला त्यानं."

मी वाटी बाजूला सारली. तरी चव अजून जिभेवर होती आणि ती फार चांगली होती, हेही कबूल करते.

दुसऱ्या दिवशी मी सांगलीला हळदीचा बाजार बघायला जाणार होते. निघताना काकींनी फडक्यात बांधलेला डबा हातात दिला. "सांगलीतच विश्रामबागला आमची वैशाली ऱ्हाती. सरकारी नोकरीत हाय. लेकीचा वाटा घरात ठिवत न्हाईत, पोचवा तेवढा. बकऱ्याचं हाय म्हना." नाही म्हणायला हवं होतं. काकींच्या तोंडाकडे बघून जमलं नाही. विटा, तासगाव, दुतर्फा द्राक्षबागा, रस्ता उत्तम. पण वाटेत खाकी कपडे दिसले की माझ्या तळहातांना घाम फुटत होता.

विश्रामबागेत दुसऱ्या मजल्यावरचं दार उघडलं आणि समोर खाकीच उभी. दंडावर वनविभागाचा बिल्ला. मी आधी बिल्ला पाहिला, मग हातातला डबा.

"वनरक्षक हाय मी. आईनं सांगितलं न्हाई व्हय?" वैशालीनं हसत डबा घेतला, उघडला, वास घेतला आणि झाकण लावलं. हसू गेलं होतं. "बकऱ्याचं म्हणायला लावलं आसंल."

मी मान डोलावली. तिनं डबा टेबलावर ठेवला. "डुकरं मारायची तर परवानगी घ्यावी लागती. दिवाळीत आबांना अर्ज सवता भरून दिलाय मी. नुसती सही करून द्यायची हुती." तिनं घरी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. "आबा, त्यो अर्ज कुठं हाय?"

आबा म्हणाले, "देव्हाऱ्यात ठिवलाय. तू आणलेला पयला सरकारी कागद, म्हणून जपून ठिवला."

वैशालीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. "आबा, मी साहेबांना सांगितलं तर तुमी कोर्टात. न्हाई सांगितलं आन् भाईरनं कळलं तर माझी नोकरी."

"वर्दी आंगावर हाय न्हवं?"

"व्हय."

"मग सांग." आणि फोन बंद झाला.

त्याच संध्याकाळी साहेबांनी माझाही जबाब घेतला. 'खाल्लं का?' 'हो.' 'किती?' 'तीन वाट्या मागितल्या, अडीच खाल्ल्या.' लिहिणाऱ्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. डबा मोहोरबंद झाला, वहीतलं पाककृतीचं पानही फाडून दिलं. म्हणून कृती विचारू नका, मिळणार नाही.

पुण्याला परतून आठवडा झाला. आबांची केस उभी राहिलीय, वैशाली कामावर आहे. हळदीचा बाजार बघायचा राहूनच गेला. काल काकींचा फोन आला. आता शिव्या खायच्या, असं धरूनच उचलला. काकींनी ना केसचं काढलं, ना जबाबाचं.

"ताई, त्या दिशी वैशूनं दोन घास तरी खाल्लं का वं?"

"नाही काकी."

"आगं बाई," त्या म्हणाल्या, "मजी पोरगी उपाशीच ऱ्हायली की."