अपिलाची मुदत आणि साहेबांचा शब्द

आबांच्या आखडलेल्या गुडघ्याचा आणि फौजेतल्या नोकरीचा काही संबंध नाही, असं कळवणारं इंग्रजी पत्र ऐन दिवाळीत आलं. मी तेव्हा वाशीला कॉलेजात होते, घरात इंग्रजी वाचणारी एकटीच. फौजेच्या चौकीवर रेशनच्या ट्रकमधला माल उतरवताना आबा, माझे वडील, पडले होते आणि हे लोक म्हणत होते, की ते ड्युटीवरच नव्हते. अपंगत्वाची पेन्शन नामंजूर. निर्णय मान्य नसेल तर सहा महिन्यांच्या आत अपील करावं, असं शेवटी लिहिलं होतं.

आबा तुर्भ्याच्या मार्केटात एका गोदामावर वॉचमन होते. दिवसभर उभं राहून घरी आले की पाय उचलून पाटावर ठेवायला आई लागायची. पेन्शन मिळाली असती तर ती नोकरी सुटली असती. पण त्यांना खरं झोंबलं होतं ते खोटं ठरवलं जाणं. "मी काय व्हॉलीबॉल खेळताना पडलो व्हय?" असं ते भिंतीला विचारायचे.

मी म्हटलं, अपील लिहिते, उद्याच रजिस्टर पोस्टाने टाकू. आबांनी कानांवर हात ठेवले. "आसं परस्पर जात न्हाय. साहेबांच्या हातनं जाऊ दे."

साहेब म्हणजे त्यांचे जुने सुभेदार, आमच्याच साताऱ्याकडचे, निवृत्त होऊन सानपाड्याला राहत होते. आबा पडले तेव्हा त्यांनीच उचलून गाडीत घातलं होतं. फौजेत शिपायाचा कागद वरिष्ठांमार्फतच वर जातो. फौज सोडून इतकी वर्षं झाली, तरी आबांना दुसरा रस्ता ठाऊक नव्हता.

मी लिहिलेलं अपील घेऊन आम्ही त्यांच्याकडे गेलो. साहेबांनी अर्ज ठेवून घेतला. "माझा जबाब जोडून मीच पाठवतो. तू निर्धास्त राहा," म्हणाले. आबा त्यांच्यासमोर सोफ्यावर टेकलेसुद्धा नाहीत.

संक्रांत झाली, शिमगा झाला. मी सारखी विचारायचे, पोस्टाची पावती बघितली का? "साहेबांनी गेलाय म्हणून सांगितलंय. पावती कसली मागतीस त्यांच्याकडं?" आबा माझ्यावरच उखडायचे.

मुदत संपली तरी वरून उत्तर नाही, तेव्हा मी आबांना ओढतच ठाण्याला, माजी सैनिकांच्या ऑफिसात नेलं. तिथल्या क्लार्कने दोन ठिकाणी फोन लावले. "मॅडम, अपील पोचलेलंच नाय. आणि रिटायर माणसाला कसला आलाय साहेबांमार्फतचा चॅनेल? सही करायची, डायरेक्ट पोस्टात टाकायचं. आता उशिराचं खरं कारण लिहा. पटलं तर घेतात."

तिथून आम्ही तडक सानपाडा गाठलं. साहेबांनी अर्ज कपाटातून काढला. जसाच्या तसा.

"तू पडलास तेव्हाच्या चौकशीत मीच लिहून दिलं होतं, तू ड्युटीवर नव्हतास म्हणून," ते खाली बघत बोलले. "बत्तीशिवाय अंधारात ट्रकमधला माल उतरवायचा हुकूम माझा होता. माझी बढती अडली असती. आता उलटं कसं लिहू?"

माझं डोकं फिरलं. "मग पहिल्याच दिवशी नाही म्हणायचं होतं! मुदत का घालवलीत?" आबा एवढंच म्हणाले, "चल."

घरी आल्यावर मी उशिराचं कारण लिहायला बसले. आबांनी माझा हात धरला. "त्येंचं नाव न्हाय घ्यायचं. मला मुदत ठाऊक नव्हती, आसं लिही."

मी भांडले, रडले. मुदत मीच वाचून दाखवली होती ना तुम्हाला? ते ऐकेनात. आपल्या वरिष्ठाविरुद्ध लिहून द्यायचं, हे त्यांच्या हातून होणारच नव्हतं. साहेबांनी दगा दिला तो दिलाच, पण त्या दिवशी मला आबांनीही फसवल्यासारखं वाटलं. ज्याने त्यांना खोटं पाडलं, त्याच्यासाठी ते माझ्याकडून खोटं लिहवून घेत होते. मी लिहिलं, त्यांनी सही केली.

मुदत ठाऊक नसणं हे पुरेसं कारण नाही, असं उत्तर आलं. अपील फेटाळलं होतं.

त्यानंतर एका संध्याकाळी साहेब विचारपूस करायला घरी आले. आबा नुकतेच गोदामावरून आले होते, पाय पाटावर होता. साहेब दारात दिसताच ते भिंतीला धरून उठले आणि त्या गुडघ्यावर ताठ उभे राहिले.

"या साहेब, बसा," म्हणाले, आणि माझ्याकडे वळून, "चहा टाक."

मी जागची हलले नाही.