कुम्हारीच्या पंपाची रिकामी टाकी

टाकी कापायला आलेला गॅस-कटरवाला खड्ड्यात उतरत होता. मी त्याला वर बोलावलं आणि गॅस मीटर दाखवला. काटा लाल पट्ट्यात होता.

कुम्हारीच्या जुन्या रस्त्यावरचा हा पेट्रोल पंप. उड्डाणपूल झाला, ट्रक वरून जाऊ लागले आणि खाली नुसत्या स्कूटर उरल्या. नवरा गेल्यावर कुंदाताईंनी तो बरीच वर्षं एकटीनं चालवला. शेवटी बंद केला. एक बिल्डर ती जागा विकत घेऊन तिथं दुकानं काढणार होता. त्याआधी जमिनीखालची टाकी काढायची होती, आणि सेफ्टीसाठी मी. भिलाईच्या स्टील प्लांटमधून रिटायर झाल्यापासून अशी कामं करतो.

पेट्रोल काढून घेतलं तरी टाकीत वाफ राहते. तिला एक ठिणगी पुरते. म्हणून टाकी आधी पाण्यानं काठोकाठ भरून वाफ बाहेर घालवायची, मीटर शून्यावर आला की मगच हात लावायचा.

बिल्डर म्हणाला, "खाली टंकी है साहब. काटो और ले जाओ."

"आज नाही होणार. मी सही देणार नाही."

"आपकी साइन के बिना भी कट जाएगी."

कुंदाताई केबिनमधलं सामान आवरत होत्या. ऐकून बाहेर आल्या.

"भाऊ, आत वाफ आहे काय?"

"आहे."

त्या बिल्डरकडे वळल्या. "रजिस्ट्री व्हायची आहे अजून. जागा माही आहे. इथं कोणी जळून नाही मरन."

"फिर सौदा कैंसल समझिए."

"समजली," त्या म्हणाल्या.

दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

बिल्डर गाडीत बसून निघून गेला. कुंदाताईंनी स्वतः फोन करून पाण्याचा टँकर मागवला आणि शेडखाली खुर्ची टाकून बसल्या.

कटरवाल्यानं हळूच विचारलं, "काकू, माझ्यापायी तुमचा सौदा गेला ना?"

"तुझ्यापायी कायले? तू जेवून घे आधी."

टाकी भरली, मग उपसली. मीटर शून्यावर आला. क्रेननं टाकी अख्खी वर काढली, कटर लागलाच नाही.

आठवडाभरानं बिल्डर परत आला. रस्त्याला लागून तेवढी साफ जागा त्यालाही दुसरीकडे मिळाली नव्हती. आता तिथं मिठाईचं आणि मोबाईलचं दुकान आहे.

नियम मला सगळे पाठ होते, पण त्या दिवशी काम थांबवलं ते कुंदाताईंनी. आता अशा कामावर गेलो की मीटर काढण्याआधी मी विचारून घेतो, जमीन अजून कोणाच्या नावावर आहे.