पत्रिका हातात द्यावी लागते

मोठे बाबू, म्हणजे आमचे हेडक्लार्क, माझ्या टेबलापाशी आले तेव्हा मी उठून उभी राहिले. त्यांच्या पिशवीत मुलीच्या लग्नाच्या पत्रिका होत्या, जाडजूड, सोनेरी काठांच्या. शेजारी त्यांची बायको, हातात हळदीकुंकवाचा करंडा. पत्रिका घ्यायची ती उभं राहून, दोन्ही हातांनी, असं मला घरी शिकवलंय. हात मी पुढे केलेही होते.

"ताई, तुमाले मोबाईलवर टाकली पत्रिका," बाबू म्हणाले. "आता डिजिटलचा जमाना हाये. कागदासाठी झाडं कावून तोडाची?"

आणि पुढच्या टेबलाकडे वळले. तिथे अकाउंटच्या मॅडमना पत्रिका दिली, बायकोनं कुंकू लावलं, "सगळे या बरं का" म्हणून झालं. तिथे झाड तुटलं नाही.

माझे हात तसेच. मी ते खाली घेतले आणि उगाच एक फाइल सरळ केली. अमरावतीत राजापेठेतल्या या कॉलेजच्या ऑफिसात मी बरीच वर्षं लिपिक आहे. लोक सुशिक्षित आहेत. सुशिक्षित लोक अशा वेळी कॉम्प्युटरच्या स्क्रीनकडे बघतात.

आता पुढचं ऐका. पिशवीतल्या प्रत्येक पाकिटावरचं नाव माझ्या अक्षरात होतं.

जेवणाच्या सुट्टीत बसून मी ती लिहिली होती. बाबू मोबाईलमधून नावं वाचायचे, मी लिहायची. श्री. अमुक अमुक, सहपरिवार. "छापलेलं स्टिकर लावलं त लोक नाराज होतात ताई. हातानं लिवलं पाह्यजे. अन् तुमचं अक्षर म्हंजे मोती." खोटं कशाला बोलू, मी फुगले होते. डबा तसाच ठेवून लिहीत होते. माझं नाव त्यांनी कधी वाचलं नाही, तेव्हाही शंका आली नाही. मला वाटलं, आपलं आवतन आपणच आपल्या हातानं कसं लिहायचं? ते बाबू स्वतः लिहितील. त्यांचं अक्षर म्हणजे कोंबडीनं उकरलेलं, पण लिहितील. इतकी बावळट होते मी.

दुपारी मोबाईल उघडला. सनई, पाकळ्या, झगमगाट. माझं नाव कुठेच नाही. वर 'फॉरवर्डेड'. म्हणजे माझ्यासाठी म्हणून पाठवलीसुद्धा नव्हती, दुसरीकडून उचलून इकडे ढकलली होती. झाडू मारणाऱ्या मावशींना तीच. प्रयोगशाळेतल्या आमच्या समाजाच्या भावाला तीच. झाडं वाचवायला बाबूंनी नेमकी आमचीच माणसं निवडली.

अकाउंटच्या मॅडम हळूच येऊन म्हणाल्या, "तुमच्यात कुंकू चालत नाही ना, म्हणून संकोचले असतील हो." माझ्या धर्माची केवढी ही काळजी! बौद्ध आहे मी. कुंकू मी मागितलंच नव्हतं. मला पत्रिका हवी होती.

माझं माहेर तेल्हारा तालुक्यातलं. गावात लग्न निघालं की आवतन सांगणारा माणूस घरोघर जायचा. ओट्यावर चढायचा, घरच्यांची नावं घ्यायचा, पाणी प्यायचा. आमच्या वस्तीच्या मात्र टोकाशीच थांबायचा आणि तिथून ओरडायचा, "जेवाले या रे होऽ!" सगळ्या घरांना मिळून एक हाक. माझा बाप त्या हाकेला जायचा आणि बाकीच्यांच्या पंगती उठल्या की जेवायचा. लहानपणी मला त्यात काही वावगं दिसलं नाही. ते दिसलं त्या दुपारी, हातात मोबाईल वाजत असताना. हाक तीच होती, फक्त आता तिला सनई लावली होती. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

मोबाईलवर माझा राग नाही. पगार त्यावर बघते, बडनेऱ्याच्या घराचं लाईटबिल त्यावर भरते, त्यासाठी रांगेत उभं राहायची मला हौस नाही. नुसती तारीख कळवायची असेल तर मोबाईल पुरे. पण लग्नाची पत्रिका ही काही बातमी नव्हे. कोणीतरी तुमचा जिना चढतं, तुमचं नाव लिहायला थांबतं, तुमच्या हातात हातानं काही देतं. कोणाला देणार नसाल तर ते न देणंही त्याच्या डोळ्यांसमोर करावं लागतं. एवढी लाज सोसायची बाबूंची तयारी नव्हती, म्हणून आमच्यापुरता डिजिटलचा जमाना आला.

लग्न तोंडावर आलं आणि बाबू पुन्हा माझ्या टेबलाशी. हातात कोरी पाकिटं.

"ताई, एवढी द्या बरं पटकन लिवून. संस्थेच्या सचिवसायबांच्या घरचे हायेत."

"त्यांना मोबाईलवर टाका," मी म्हणाले.

ते हसले. त्यांना खरंच गंमत वाटली. "काय बोलून राहिल्या ताई! मोठ्या मानसाले कोनी मोबाईलवर आवतन देते काय?"

मी पेनाला टोपण लावलं. ऑफिसातली मराठीही बाजूला ठेवली.

"नाही देत ना जी? मंग मले कावून देल्लं?"

"तुमी त मनालेच लावून घेतलं."

"घेतलं. पाकिटं उचला. मी नाही लिवत."

बाबूंनी पाकिटं गोळा केली, एक खाली पडलं तेही वाकून उचललं. दुसऱ्या दिवशी माझं टेबल जुन्या फायलींच्या कोंदट खोलीत गेलं. माझ्या गोपनीय अहवालात 'वर्तन उद्धट' असं लिहिणार म्हणतात. लिहोत. ते तरी त्यांना स्वतःच्या हातानं लिहावं लागेल.

आता माझ्या मुलीचं लग्न ठरलंय, मुलगा अकोल्याचा. ती म्हणते, "आई, त्या बाबूले तू बी मोबाईलवरच टाक. फिट्टंफाट." नाही. इतक्या स्वस्तात मी त्याला सोडणार नाही. आमच्या वऱ्हाडात चूलबंद आवतन देतात. म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरी चूल पेटणार नाही, लहानथोर सगळे आमच्याकडे जेवणार. त्याच्या पाकिटावर मी चूलबंद लिहीन. संध्याकाळी, शेजारीपाजारी दारात बसलेले असताना, त्याच्या घरी जाईन. बुद्धाचं चित्र असलेली पत्रिका पुढे धरीन आणि मोठ्यानं सांगीन, तुम्ही, बायको, लेक, जावई, सगळे आमच्या पंगतीला या. "ठेवा तिथं टेबलावर" म्हणाला तर ठेवणार नाही. घ्यायची तर त्यानं माझ्या हातातून घ्यावी. नको असेल तर चारचौघांत, स्वतःच्या तोंडानं नको म्हणावं. दोन्हीपैकी एक होईपर्यंत मी त्याच्या दारातून हलणार नाही.