दवाखान्याच्या बाहेरचा बाक

असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. आता आहे का, ते विचारू नका... मलाच माहीत नाही. मी डॉक्टर आहे, साठी ओलांडलेली, लग्न न केलेली. या सदरातले तुमचे अनुभव मी दुपारी जेवताना मोबाइलवर वाचते, कारण समोर बोलायला कुणी नसतं. वाचता वाचता मनातल्या मनात शेरे मारते. याला झोप कमी पडतेय, हिला ताप चढला होता, हा नुसता फेकतोय. माझंही वाचून तुम्ही तसेच शेरे मारा, माझी हरकत नाही.

आधी जागा सांगते. अंधेरी पश्चिम, सात बंगल्याच्या मागच्या गल्लीतली एक जुनी सोसायटी, तळमजला. दोन खोल्या. आत केबिन, मध्ये प्लायवूडचं पार्टिशन आणि बाहेर पेशंटांसाठी एक लांब लाकडी बाक. बाकामागची खिडकी कंपाउंडमध्ये उघडते. केबिनमधून बाक दिसत नाही, आणि पंखा एवढा खडखडतो की बाहेरचं बोलणंही कळत नाही. आम्ही राहतो त्याच बिल्डिंगमध्ये वर. म्हणजे राहायचो... आता मी राहते.

दवाखाना आम्हा दोघी बहिणींचा. ताई माझ्यापेक्षा मोठी, तीही डॉक्टर, तीही बिनलग्नाची. पेशंट तिला मोठ्या बाई म्हणायचे आणि मला धाकट्या बाई. घरी मात्र ती मला बेबी म्हणायची, मी साठीला आले तरी. हे नाव घराबाहेर कुणाला ठाऊक नाही. आईवडील गेल्यावर ते घेणारी ती एकटीच उरली होती.

ताईचे हात थरथरायला लागले तेव्हा तिने प्रिस्क्रिप्शन लिहिणं सोडलं आणि ती बाहेर बाकावर पेशंटांच्या मधे जाऊन बसायला लागली. रिसेप्शनिस्ट आम्ही कधी ठेवलीच नाही. ताईचं म्हणणं असं, की केबिनमध्ये माणूस तोंडी परीक्षेला आल्यासारखा बोलतो आणि बाकावर खरं बोलतो. ते खोटं नव्हतं. "काही औषध चालू आहे का?" असं विचारलं की आपल्याकडे लोक बिनदिक्कत नाही म्हणतात. औषध म्हणजे आजारी पडल्यावर घ्यायचं ते. बीपीची रोजची गोळी त्यात धरत नाहीत. समोरच्या वहिनींना लागू पडली म्हणून त्यांच्याकडून आणलेली गुडघ्याची गोळी तर नाहीच नाही. चूर्ण, डोळ्यांतले थेंब, झोपेची अर्धी गोळी... कशाचीच गणती नसते.

म्हणून ताईचा प्रश्न वेगळा असायचा. "सकाळच्या चहापासून दिवा मालवेपर्यंत काय काय तोंडात जातं ते सांगा. पिशवी आणलीय का? दाखवा बघू." मग पिशवीतली एकेक स्ट्रिप खिडकीच्या उजेडाकडे धरून ती वाचायची आणि आत येऊन मला सांगायची, "बेबी... यांना ती देऊ नकोस गं." अमुक आजारावर कुठली गोळी चांगली हे मला पाठ होतं, पण या माणसाला कुठली चालणार नाही हे तिला कळायचं. ती विचारायची आणि मी लिहायचे, असं आमचं वर्षानुवर्षं छान चाललं होतं.

दोन वर्षांपूर्वी ताई गेली. हार्ट. दवाखान्यात मी तिचा फोटो लावलेला नाही. डॉक्टरचाच फोटो हार घालून टांगला तर पेशंटांनी काय समजायचं, असं ती स्वतःच म्हणायची. आता प्रश्न मीच विचारते, पण माझा स्वभाव घाईचा आणि तोंड फटकळ, त्यामुळे लोक मला जरा टरकून असतात. संध्याकाळी शटर ओढलं की वर जाते, एकटीपुरता भात लावते आणि घरात माणसाचा आवाज हवा म्हणून टीव्ही लावून ठेवते. मी एकटी आहे आणि मला ते आवडत नाही, हे सरळच लिहून टाकते.

पहिल्यांदा जे झालं ते गेल्या वर्षी, पावसाळा संपता संपता. वेसाव्याची हिराबाई बऱ्याच वर्षांनी आली. मार्केटात पाटावर बसून मासे विकून विकून तिचा गुडघा टम्म सुजला होता. मी विचारलं, "औषध चालू आहे काही?" ती म्हणाली, "नाय." मी सुजेवरची एक तगडी वेदनाशामक गोळी लिहायला घेतली. तर ही म्हणते, "ती रगत पातल करायची गोली हाय ना माझी, तिच्यासंगाती चालंल ना ही?"

मी पेन खाली ठेवलं. "अगं, आत्ताच विचारलं ना मी तुला?"

"तू औषधाचा इचारलास. गोलीचा भायेर मोठ्या बाईनी इचारला. पिशवी पन बघितली. तिला सांगितला मी सगला."

रक्त पातळ करणाऱ्या गोळीवर ती वेदनाशामक दिली असती तर पोटात रक्तस्राव व्हायला वेळ लागला नसता. मी कागद फाडला. साधी पॅरासिटामोल, शेक आणि गुडघ्याचे व्यायाम लिहून दिले. मग तिला सांगितलं की मोठ्या बाई गेल्या, दोन दिवाळ्या होतील आता. हिराबाईने दाराकडे बोट केलं. "मंग भायेर कोन बसलंय?"

बाहेर जाऊन बघितलं. बाक रिकामा होता. वय झालं, जुनं-नवं मिसळतं, असं म्हणून मी विषय मिटवला. तिला घरी पाठवल्यावर लक्षात आलं, की तिच्या पिशवीतल्या हॉस्पिटलच्या कागदावरच्या तारखेप्रमाणे ती रक्त पातळ करायची गोळी तिला ताई गेल्यानंतर सुरू झाली होती. म्हणजे हे ती ताईला पूर्वी कधी सांगणं शक्यच नव्हतं. तरी मी सोडून दिलं. शास्त्र शिकलेला माणूस नको ते सोडून द्यायला चांगला तरबेज असतो.

मग यंदा, मार्चमध्ये, ऋजुता आली. पंचविशीतली मुलगी, मरोळला नोकरी करणारी, मालाडहून इकडे नव्याने राहायला आलेली. सोबत आई. मुलीला अर्धशिशी, आठवड्यातून दोनदा तरी डोकं धरून बसायची, शिवाय छातीत धडधड. अशा वेळी डोकं दुखू नये म्हणून रोज घ्यायची एक जुनी, स्वस्त, चांगली गोळी आहे, ती धडधडही कमी करते. एका दगडात दोन पक्षी. फक्त दमा असेल तर ती देत नाहीत, श्वासनळ्या आवळल्या जातात. मी विचारलं, "दमा, धाप, तसलं काही?"

मुलीने तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "छे छे, काही नाही हो. लहानपणापासून ठणठणीत आहे."

मी लिहायला लागले. ऋजुता चुळबुळत होती. शेवटी हळूच म्हणाली, "डॉक्टर, ते पंपाचं... मी बाहेर मॅडमना सांगितलंय. त्या तुम्हाला बोलल्या नाहीत का?"

"कसला पंप?" आईचा आवाज चढला. "ऋजुता, काहीतरी बोलू नकोस."

"कोण मॅडम?" मी विचारलं.

"बाहेर बसल्यात त्या. आई कंपाउंडमध्ये फोनवर बोलत होती ना, तेव्हा. त्यांनी पर्स उघडायला लावली. पंप कानाजवळ हलवून बघितला आणि म्हणाल्या, संपत आलाय, नवीन घे."

पंप कानाशी हलवून तो किती उरलाय ते कळत नसतं, हे मी ताईला शंभर वेळा सांगितलं होतं. ती ऐकायची नाही.

आईला मी बाहेर बसायला सांगितलं आणि मुलीने मग सगळं सांगितलं. दमा होता, थंडीत आणि धुळीत उफाळायचा. पण लग्नाचं बोलणं चाललं होतं, मुलाकडचे शेजारच्याच बिल्डिंगमधले, त्यांचंही येणंजाणं माझ्याच दवाखान्यात. पंप बाहेर काढायचा नाही, अशी आईची सक्त ताकीद. ती गोळी मी दिली असती, मुलीने आज्ञाधारकपणे घेतली असती आणि एखाद्या दिवशी ऑफिसातच तिचा श्वास कोंडला असता. मी दुसऱ्या प्रकारची गोळी लिहिली, नवा पंपही लिहिला. मग आईला आत बोलावून जे झापायचं ते झापलं. ती रडली. म्हणाली, "मुलीच्या भल्यासाठीच केलं हो." जाताना दारातून वळून म्हणाली, "पण बाहेर तर कुणीच नाहीये." ऋजुताने बाकाकडे बघितलं. "आत्ता होत्या," एवढंच म्हणाली.

सोसायटीचा कॅमेरा बघितला का, असं तुम्ही विचाराल. तो पार्किंगवर रोखलेला आहे. कुणाच्या गाडीला कुणी ओरखडा काढला ते त्यात दिसतं, बाकी काही नाही.

त्या दिवशी मला भीती नाही वाटली. मला राग आला. वेसाव्याच्या हिराबाईला दिसते, काल मालाडहून आलेल्या पोरीला दिसते आणि सख्ख्या बहिणीला नाही? दुपारी पेशंट संपल्यावर मी बाकावर जाऊन बसले. वरून माझी स्वतःची गोळ्यांची पिशवीसुद्धा आणली होती, शहाण्या पेशंटासारखी. ऊन बाकावरून सरकून भिंतीवर गेलं तरी बसून होते. एकदा मोठ्याने म्हटलं, "ताई, मलाही विचार ना गं." कंपाउंडमधला वॉचमन वळून बघायला लागला, तेव्हा उठले. वर गेले आणि पोटभर रडले.

ऋजुता महिन्याभराने परत आली, एकटीच. डोकेदुखी बरीच कमी झाली होती. मुलाला तिने स्वतःच दम्याचं सांगून टाकलं होतं. तो म्हणाला, माझ्या बाबांना पण आहे. आम्ही दोघी हसलो. निघताना ती दाराशी थांबली.

"डॉक्टर, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार."

"त्या मॅडम आज पण बाहेर आहेत. त्या म्हणाल्या, बेबीला विचार, सकाळच्या चहापासून दिवा मालवेपर्यंत काय काय तोंडात जातं." ती ओशाळून हसली. "बेबी म्हणजे तुम्हीच ना?"

मी खुर्चीतून उठून बाहेर धावले नाही. का कोण जाणे, वाटलं की आता प्रश्न विचारलाय तर आधी उत्तर द्यावं. दारात उभ्या असलेल्या त्या पोरीला मी सांगायला लागले. गुडघ्यासाठी वेदनाशामक, ताई गेल्यापासून रोज. जिना चढायला मदतीला कुणी नाही ना. मग बीपी वाढलं, म्हणून बीपीची गोळी. तेवढ्याने भागेना, म्हणून दुसरी. दुसरीने पाय सुजायला लागले, म्हणून लघवी जास्त व्हायची गोळी. झोप लागत नाही म्हणून आणखी एक...

बोलता बोलता मीच थांबले. वेदनाशामकाने बीपी वाढतं. त्या बीपीवर मी गोळी घेतली, त्या गोळीच्या सुजेवर तिसरी घेतली, आणि हे सगळं एकत्र पोटात गेलं की मूत्रपिंडांची वाट लागते. समोर पेशंट असता तर दोन मिनिटांत पकडलं असतं. पण डॉक्टरला कोण विचारणार? स्वतःच लिहायचं, स्वतःच घ्यायचं. मला विचारणारी एकच होती.

"बाप रे, एवढ्या गोळ्या?" ऋजुता म्हणाली.

मग मी बाहेर गेले. बाक रिकामा होता.

दुसऱ्या दिवशी दवाखाना बंद ठेवून एका ओळखीच्या तरुण फिजिशियनकडे गेले. त्याने सवयीने विचारलं, "मॅडम, काही औषध चालू आहे?" मी पिशवी त्याच्या टेबलावर उपडी केली. तपासण्या झाल्या. मूत्रपिंडांना त्रास व्हायला लागला होता, पण वेळेत कळलं. वेदनाशामक बंद झाली, तिच्यामागोमाग बीपीची एक आणि लघवीची, अशा दोन गेल्या. पाय आता सुजत नाहीत. गुडघा दुखतो, तो दुखतोच.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. ऋजुताने ताईचा प्रश्न आणखी कुणा पेशंटाकडून ऐकला असेल, असं एक वेळ धरून चालते. पण बेबी? ते तिला कोण सांगणार? तिला खोदून विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही. तिने खरं सांगितलं आणि ते अगदी साधं निघालं, तर मी काय करू?

ताई मला दिसलेली नाही. त्याचं वाईट वाटतं, अजूनही. संध्याकाळी पेशंट संपले की मी बाकावर बसते, पिशवी उघडते आणि उरलेल्या स्ट्रिप खिडकीकडे धरून मोठ्याने वाचते, रोज. वॉचमनला आता सवय झालीय. कुणी काही म्हणत नाही. वाचून झालं की शटर ओढते आणि वर जाऊन एकटीपुरता भात लावते.