मैनेचा क्लास

चार माणसांनी रोज सकाळी एका वावरात एका घोडीसाठी जमायचं ठरवलं, की किस्से शोधावे लागत नाहीत. ते आपोआप साचतात! रिठदमध्ये माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. पंपाची जळलेली मोटार घेऊन आलेला माणूस मोटारीबद्दल बोलतच नाही. आधी विचारतो, "गजूभाऊ, मैनेच्या क्लासात नवीन काय झालं?" मग मी सुरू होतो. मोटार राहते तशीच.

आता मैना कोण, ते सांगतो. आमच्या शेषरावदादांची वरातीची पांढरी घोडी. कारंजाकडच्या एका लग्नात फटाक्यांची माळ तिच्या पायाशी फुटली आणि ती नवरदेवासकट सुटली. नवरदेव कडब्याच्या एका गंजीवर पडला, म्हणून वाचला. त्याचा फेटा मात्र सापडलाच नाही! त्या दिवसापासून बँड ऐकला की मैना थरथरायची. दादांनी वरातीची कामं घेणं बंद केलं.

दादांची मुलगी प्रज्ञा पुण्यात एका घोडेस्वारीच्या क्लबमध्ये ऑफिसचं काम बघायची. लग्न ठरलं तशी घरून काम मागून गावी आली आणि आल्या आल्या जाहीर केलं, "मी मांडवात जाईन तं मैनेवर बसूनच जाईन!" दादा घाबरले. तिनं समजावलं, की आधी कोणी बसायचंच नाही. जमिनीवर उभं राहून घोडीशी ओळख वाढवायची, तिचं ऐकायचं, तिला आपलं ऐकायला लावायचं. क्लबात तिनं हेच रोज पाहिलं होतं. वावर दिलं उत्तमरावांनी. हा पक्का बैलवाला माणूस. मी होतो दोरी धरायला. झाला क्लास सुरू!

*

पहिला धडा साधा होता. घोडीनं आपल्या अंगावर यायचं नाही, हातभर लांब उभं राहायचं.

प्रज्ञानं मला पुढे केलं. "काका, ताठ उभे राहा. आपल्या जागेवरून हालायचं नाही. तुमी सरकले तं तिले वाटते का आपणच मालक."

मी ताठ उभा राहिलो. मैना आली, मला वरपासून खालपर्यंत हुंगलं आणि शांतपणे माझ्या पायावर पाय ठेवला.

"वा काका!" प्रज्ञा लांबून ओरडली. "बिल्कूल हालले नाही तुमी!"

"कसा हालू बाई? पाय तिच्याखाली हाय!"

*

उत्तमरावांची अडचण वेगळी होती. त्यांचा सगळा जन्म बैलांच्या मागे गेलेला. ते वावरात आले की पाय आपोआप मैनेच्या मागे वळायचे. तोंडातून बैलाची हाक आणि हातात पराणी.

"काका, मांगं नका उभे राहू," प्रज्ञा सांगायची. "समोरून या, तिले दिसा, थांबा. तिनं मान इकडे केली तरच जोळ जा."

"पोरी, आमी जिंदगीभर मांगूनच हाकललं!"

मैनेनं मागचा एक पाय नुसता उचलला. पराणी तुरीत जाऊन पडली आणि उत्तमराव बांधावर! दुसऱ्या दिवसापासून माणूस सुधारला. समोरून यायचा, थांबायचा, हळूच विचारायचा, "येऊ का?"

आठवड्यानं त्यांच्या बायकोनं, शांताकाकूंनी, प्रज्ञाला वाटेत गाठलं. "कावं, काय शिकवून राह्यली तू यायले? काल सैपाकघराच्या दाराशी उभे राह्यले आन् मले म्हंते, येऊ का? लग्न झाल्यापासून पयल्यांदा इचारलं!"

*

नंतर लांब दोरीवर गोल फिरवायचं होतं. मधे दादा उभे, भोवती मैना. कधी चालत, कधी दुडक्या चालीनं. दादांनी नुसता खांदा वळवला तर तिनं दिशा बदलायची. वावर रस्त्याला लागूनच, त्यामुळे प्रेक्षकांना तोटा नव्हता. एकदा मालेगावकडे जाणारी एसटी थांबली. एक आजी पिशवी घेऊन उतरल्या आणि बांधावर उभ्या राहून बराच वेळ बघत राहिल्या.

"काय करून राह्यले रे बाबू?"

"घोडीले फिरवून राह्यलो, आजी."

आजी अजून थोडा वेळ थांबल्या. मग निघता निघता म्हणाल्या, "सकायपासून फिरवून राह्यले असान. मंग पोचली कुठं थे?"

दादांनी दोरी गुंडाळायला घेतली. त्या दिवशी क्लास लवकर सुटला!

*

पुढचा धडा भीती मोडायचा. निळी ताडपत्री फडफडवली, फुगे बांधले, रिकामे डबे वाजवले. मैना आधी दचकायची, मग कान टवकारायची, मग सरळ जाऊन ताडपत्री हुंगायची. ताडपत्रीला घाबरून उत्तमरावांचे बैल मात्र खुंट्यासकट गेले!

मग फटाके. खरे कशाला, म्हणून मी माझा मोबाइल ब्लूटूथच्या मोठ्या स्पीकरला जोडला आणि फटाक्यांचा आवाज लावला. आधी बारीक, मग मोठा. मैना उभी. आम्ही खूश. तेवढ्यात फटाके बंद झाले आणि आख्ख्या शिवारात आमच्या सौभाग्यवतींचा आवाज घुमला, "कुठी हाय तुमी? गॅस संपला ना!"

फोन उचलायचं बटण कसं दाबलं गेलं, देव जाणे. मी जागच्या जागी उडालो. मैनेचा कानही हलला नाही.

प्रज्ञा म्हणाली, "मैना पास. काका नापास!"

*

सगळ्यात मोठा घोळ गावात झाला. रिकाम्या वावरात शिकलेलं गर्दीत टिकलं पाहिजे, म्हणून दादा रोज मैनेला धरून वस्तीतून चक्कर मारायला लागले. आता वस्तीतून चालायचं म्हणजे काय? ओट्यावरून कोणी "जय भीम, शेषराव!" म्हणणार, दादा थांबणार, "जय भीम, जय भीम" म्हणणार, पाऊसपाण्याच्या चार गोष्टी करणार. पुढे आमच्या आळीत "राम राम" आलं, की पुन्हा तेच. माणुसकीच आहे ती!

मैनेनं हे सगळं नीट शिकून घेतलं. कोणी जय भीम म्हटलं की थांबायचं. राम राम म्हटलं तरी थांबायचं. भेदभाव नाही! आणि गप्पा होईपर्यंत हलायचं नाही. पुढे पुढे तर घाईच्या दिवशी दादा नुसता हात करून पुढे जायचे आणि मैना मागे उभी. दोरी ताणली तरी निघायची नाही.

"असं झालं तं माह्या लग्नाची येळ वस्तीतच टळन!" प्रज्ञा म्हणाली. तिनं घरोघरी जाऊन विनंती केली, की काही दिवस बाबांशी कोणी बोलू नका. बाबांना सांगितलं, तुम्हीही बोलू नका. दादा बिचारे खाली मान घालून चालायला लागले.

तिसऱ्या दिवशी, विनंती न पोचलेले दादांचे साडू घरी येऊन भांडले. "पोरीचं लगन काय जमलं, शेषराव मानसाले मानूस म्हनत नाही आता!"

*

लग्न जवळ आलं तसा खरा बँड बोलावला. पहिल्याच ठोक्याला मैनेनं दादांच्या हातून दोरी हिसकली आणि तुरीतून पार नाल्याकडे पळाली. धरून आणली तेव्हा घामानं निथळत होती.

दादांच्या हाताची साल निघाली होती. ते म्हणाले, "राहू दे बेटा. गाडी बोलावतो. फुलं लावून मस्त सजवतो."

प्रज्ञा मैनेच्या मानेवर हात फिरवत राहिली. "बाबा, लहानपणी मी घरासमोर हिच्याच पाठीवर बसून जेवत होती. मले गाडी नाही पाह्यजे. थे भेली म्हणून मी तिले सोडू का?"

मला फार वाईट वाटलं. लेक सासरी जाताना एवढं एकच मागत होती.

उत्तमराव उठले. "भेली काहून? बँड जोळ होता म्हणून. मंग बँडले उभं करू नाल्याच्या पल्याड!"

तसंच केलं. रोज संध्याकाळी बँड वाजायचा, पहिल्या दिवशी नाल्यापलीकडून आणि मग रोज थोडा थोडा पुढे सरकत. बँडवाले चहावर खूश होते. शेवटी बँड मैनेच्या अगदी पुढ्यात आला. मैनेनं मागचा एक पाय सैल सोडला, खालचा ओठ लोंबू दिला आणि डोळे मिटले. आम्ही एकमेकांना मिठ्याच मारल्या!

बँडमास्तर मात्र नाराज. क्लॅरिनेट खाली करून म्हणाला, "भाऊ, आमच्या बँडवर आख्खा जिल्हा नाचते. आन् हे तं झोपून राह्यली!"

*

लग्नाच्या दिवशी प्रज्ञा पांढऱ्या साडीत मैनेवर बसली. मांडव शाळेच्या मैदानात होता. पुढे बँड, मागे सगळं गाव, आणि मैनेची दोरी दादांच्या हातात. दोरी अगदी ढिली. दादा चालले की मैना चालायची, दादा थांबले की थांबायची. कोणीतरी लांबवर फटाक्यांची माळ लावलीच. मैनेनं एक कान तिकडे केला आणि चालत राहिली. उत्तमराव डोळे पुसत होते आणि धुराला नावं ठेवत होते.

मांडवाची कमान आली. आत नवरदेव, सासरची मंडळी हातात फुलं घेऊन उभी. बँड थांबला.

आणि मैनाही थांबली.

मग एक पाऊल मागे आली. मग अजून एक.

"भेली! भेली!" गर्दीतून आवाज उठला. "कमान काढा! फुगे काढा!" दोघं-तिघं फुगे फोडायला धावले. मैनेला त्या फुग्यांचं काहीच नव्हतं. ती आणखी एक पाऊल मागे आली.

"शेषराव, पुढं घे ना तिले!" उत्तमराव ओरडले.

"घेऊन तं राह्यलो!" दादा म्हणाले. "थेच मांगं येऊन राह्यली!"

प्रज्ञानं वरून बाबांच्या पायांकडे पाहिलं. मग वाकून हात पुढे केला. "बाबा, दोरी माह्याजोळ द्या."

दादांनी तिच्याकडे पाहिलं. दोरी दिली. प्रज्ञानं मैनेच्या मानेवर हात ठेवला आणि मैना शांतपणे कमानीतून आत गेली. फुलं पडली, टाळ्या झाल्या, बँड पुन्हा सुरू झाला.

कमानीबाहेर दादा रिकामा हात पुढे धरून, अजूनही एकेक पाऊल मागे सरत, पार शाळेच्या भिंतीला जाऊन टेकले.

उत्तमराव माझ्या कानाशी म्हणाले, "घोडी तं शिकली, गजूभाऊ. आता याले कोन शिकवन?"