डिकीतले अकरा डबे

आनंदराज सोनकांबळे सातवीत माझ्या वर्गात होता, तेव्हा मला त्याला बाकाच्या टोकाला एकट्याला बसवावं लागे. त्याचा पाय सारखा हलायचा, पायाबरोबर बाक हलायचं आणि शेजारच्या मुलाचं अक्षर बिघडायचं. आज तो अठ्ठेचाळीस वर्षांचा आहे, मुदखेड जंक्शनवर सिग्नलच्या देखभालीचं काम करतो, आणि पाय अजून हलतोच. त्याची बायको पंचशीला सांगते की हा माणूस जेवतानासुद्धा अर्धा उभाच असतो.

गेल्या वर्षभरात हा पाय जास्तच हलायला लागला. त्याची मुलगी बुद्धप्रिया डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेच्या तयारीसाठी लातूरला आहे. पहिल्या खेपेला थोडक्यात हुकलं, ही दुसरी खेप. खाडगाव रोडवरच्या वसतिगृहात राहते. आईबापांना रविवारी बारा ते दोन भेटता येतं. दोन वाजले की राखणदार फाटकावर काठी आपटतो. दिवाळीत घरी आली तेव्हा पोरगी आईजवळ एवढंच बोलली होती, ‘मला जमंल असं वाटत न्हाई.’ त्यानंतर फोनवर फक्त ‘हाव’ आणि ‘न्हाई’. आनंदराजला ते दोन तास पुरे हवे होते, आणि त्याच्या हाती जेमतेम अर्धा तास लागत होता.

दोष त्यानं गाडीला दिला. गाडी दोन हजार आठ सालची, पांढरी, पेट्रोलवरची, टर्बो नसलेली. माझी धाकटी बहीण चाकूरला असते, म्हणून महिन्यातून एखाद्या रविवारी मी त्याच्यासोबत जातो. सकाळी आठला मुदखेड सोडायचं, नांदेड, लोहा, अहमदपूर करत जायचं. रविवारी लातूरला निघालेली गाडी आमच्याकडे कुणी रिकामी जाऊ देत नाही. ज्याचं ज्याचं लेकरू तिकडं शिकतं तो आपला डबा आणून देतो, आणि नाही म्हणायची पद्धत नाही. गल्लीतले तीन, नांदेडात दोन, पुढं फाट्याफाट्यावर एकेक. कुठं डबा तयार असतो, कुठं भाकरी अजून तव्यावर असते. तेवढ्यात चहा येतो.

माळाकोळीचा चढ आला की आनंदराजचा चेहरा बदलायचा. पुढं उसाचा ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या. हा गिअर उतरवून जोर लावायचा, इंजिन ओरडायचं, गाडी मात्र ट्रॉलीच्या बरोबरीला येऊन अडून राहायची आणि मुकाट्यानं मागं घ्यावी लागायची. मग एखादी नवी डिझेल गाडी दोघांनाही सहज ओलांडून जायची. ती दिसेनाशी होईपर्यंत तो तिच्याकडं बघायचा.

‘टर्बो हाय गुरुजी,’ तो म्हणायचा. ‘आपली दम्याची पेशंट.’

त्याच्याजवळ एक छोटी वही होती. कुठून कुठपर्यंत किती मिनिटं, सगळं टिपलेलं. थांबलेला वेळ त्यात धरलेला नव्हता, कारण तो चालण्याचा वेळ नव्हे, असा त्याचा हिशेब. त्या वहीवरून त्यानं ठरवलं की गाडीला ताकद कमी पडते. मग मोबाइलवर बघबघून त्यानं यादी केली. मोकळा सायलेन्सर, वेगळा एअर फिल्टर, इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये नवा प्रोग्राम. ही यादी घेऊन तो नांदेडला वाजेगावच्या रस्त्यावर वैजनाथ मिस्त्रीकडं गेला. मला डोळ्यांच्या दवाखान्यात सोडायचं होतं, म्हणून मीही गाडीत होतो.

वैजनाथ हळू बोलणारा माणूस आहे. त्यानं यादी वाचली आणि परत दिली. टर्बोच्या गाडीत हवा दाबून कोंबलेली असते, तिथं प्रोग्राम बदलला की फरक पडतो, असं त्यानं समजावलं. हे इंजिन मात्र स्वतःच्या दमानं जेवढी हवा ओढतं तेवढीच ओढणार. सगळं बसवलं तरी चार-पाच घोड्यांची ताकद वाढेल, तीही इंजिन बोंबलायला लागल्यावर. खालच्या गिअरात आहे तो जोरही कदाचित जाईल.

‘आवाज मातर लई वाढंल,’ तो म्हणाला. ‘लोकायला वाटंल तुम्ही जोरात चालले. तुम्ही तिथंच.’

आनंदराजला ते पटलं नाही. पैसे मी देतो, तू बसव, असं तो म्हणत राहिला, उठत बसत राहिला. शेवटी वैजनाथनं गाडी दोन दिवस ठेवून घेतली.

तिसऱ्या दिवशीही मी सोबत होतो. तो आणि वैजनाथ गाडी घेऊन बायपासवर गेले. परत आले तेव्हा आनंदराज हसत होता. गाडी एका दमात उठते, क्लच सोडला की ओढ घेते, असं मला सांगत सुटला. मग त्यानं वैजनाथला विचारलं, नेमकं काय टाकलं?

‘क्लच प्लेट घासली होती ती बदलली. प्लग बदलले, चाकात हवा भरली. बाकी टाकलं काही न्हाई,’ वैजनाथ म्हणाला. ‘काढलं.’

भिंतीकडेला त्यानं डिकीतलं सामान लावून ठेवलं होतं. अकरा रिकामे डबे, दोन गोधड्या, कुणाच्या तरी खोलीसाठी ज्वारीच्या पिठाचं पोतं, लोखंडी खुर्ची, पुस्तकांचं खोकं. आनंदराज ते सगळं बघत उभा राहिला.

‘आनंदभाऊ, तुम्ही गावागावात उभं राहता,’ वैजनाथ म्हणाला. ‘तिथं सायलेन्सर काय करणार?’

पुढच्या रविवारी आनंदराजनं कधी नव्हे ते केलं. गाडी दुरुस्तीला आहे, असं सगळ्यांना सांगितलं आणि बुद्धप्रियाचा तेवढा डबा घेऊन तो निघाला. चोरासारखा गल्लीतून बाहेर पडलो, असं पुढं त्यानंच मला सांगितलं. चढावर एकही ट्रॅक्टर आडवा आला नाही. पावणेबाराला तो वसतिगृहाच्या फाटकाशी होता.

बुद्धप्रिया आली ती एकटी नव्हती. मागं डबे न्यायला आलेल्या चार पोरी होत्या. तिनं सवयीनं डिकी उघडली, आत बघितलं, मग बापाकडं बघितलं. जागा नव्हती, असं काहीतरी तो पुटपुटला. तेही रिकाम्या डिकीसमोर उभं राहून. पोरी ‘असू द्या काका’ म्हणत परत गेल्या.

मग लिंबाच्या झाडाखाली दोघं बसले. हा घड्याळ बघायचा, ती नखं. तिनं डबाही उघडला नव्हता. दीड वाजता ती म्हणाली, ‘पप्पा, मला झोप लागत न्हाई. वाचलेलं सगळं पुसून जातंय.’ आणि मग बोलतच राहिली. आनंदराज ऐकत होता. त्या अर्ध्या तासात पाय हलला नाही, असं तो म्हणतो. त्याचं त्याला कसं कळलं, देव जाणे.

काठी आपटली तेव्हा ती उठली. ‘पुढच्या खेपेला डबे आना,’ ती म्हणाली. ‘रविवारी आम्ही सगळ्या एका ताटात जेवतो. तेवढा एक तास कुणी पुस्तक उघडत न्हाई. पण तुम्ही लवकर या.’

दोन्ही कसं जमायचं, या विचारात त्यानं आठवडा काढला. सायलेन्सरची चित्रं अजून मोबाइलवर आहेत, ती त्यानं पुसलेली नाहीत. पण गाडी आता सकाळी सातला निघते आणि फक्त तीन ठिकाणी थांबते. मुदखेडात त्याच्या दारात, नांदेडात वैजनाथच्या शेडपाशी, आणि लोह्याच्या फाट्यावर. डबा तिथं आणून द्यायचा. पिठाचं पोतं बंद. शेजारचे किशनराव डबा ठेवताना म्हणालेच, ‘आता तुझी एक्स्प्रेस झाली बाबा. गरिबाला ठिसन राहिलं न्हाई.’ लोक चार दिवस नाराज होते. मग डबे यायला लागले.

गेल्या रविवारी लोह्याच्या फाट्यावर दहा डबे झाले. कस्तुराबाईंचा यायचा होता. त्या वस्तीवरून पायी येतात, नातू लातूरला अकरावीत आहे. ठरलेली वेळ होऊन गेली. पंचशीलानं पोरीच्या झोपेसाठी दिलेली काढ्याची बाटली मांडीवर धरून मी मागं बसलो होतो आणि कोणता डबा कुणाचा ते कळावं म्हणून चिठ्ठ्यांवर नावं लिहीत होतो. आनंदराज स्टेअरिंग धरून रस्त्याकडं बघत होता.

‘दोन मिनिटं आणखी,’ तो म्हणाला. हे त्यानं आधीही दोनदा म्हटलं होतं.

लांब बांधावर लाल लुगडं दिसलं. त्यानं गाडी चालू केली नाही, पुढंही घेतली नाही. नुसता पाय हलत होता, आणि त्याबरोबर अख्खी गाडी. माझ्या हातातल्या चिठ्ठीवरचं नाव कुणाला वाचता आलं नसतं. मी ती फाडली आणि कस्तुराबाई पोचेपर्यंत पेन खिशात ठेवला.