सासूबाई विडी ओढत नसत

माझ्या सासूबाई विडी ओढत नसत. निदान आमच्या मालवणच्या घरात तसं ठरलेलं होतं. रोज दुपारी भांडी आटपली की त्या परड्यात विहिरीमागे जात, थोड्या वेळाने माडांमधून धूर निघे, आणि तो धूर कोणालाही दिसत नसे. सासऱ्यांना मागे यायचं झालं तर ते आधी पडवीतूनच मोठ्याने खाकरत. स्वतः मात्र ओटीवर पाय पसरून राजरोस ओढायचे. पुरुषमाणूस ना!

मी देवगडची, तोंडाने फटकळ. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात विचारणार होते, हा धूर कसला म्हणून. नवऱ्याने डोळे वटारले. तो मुंबईला नोकरीवर परत गेल्यावर मीही मुकाट खाकरायला शिकले.

साठ सालानंतरची गोष्ट. सासऱ्यांच्या जोडीला ओटीवर बसून ओढणारे त्यांचे थोरले भाऊ वारले. पोटातली कळ थेट पाठीत जायची, अंगावरचं मांस झडलं, डोळे पिवळे झाले. स्वादुपिंडाचा कॅन्सर, असं मुंबईच्या इस्पितळात सांगितलं. वर्ष उलटायच्या आत सासूबाईंच्याही पोटात दुखू लागलं, चोळ्या सैल झाल्या. मी पार घाबरून गेले. उलट त्याच माझी समजूत घालायच्या, "अगो, तो पुरसांचो रोग. बायलमाणसांक कसो होतलो?"

शेवटी हट्टाने मी त्यांना बाजारातल्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी डोळे पाहिले, पोट दाबलं आणि विचारलं, "विडी, तंबाखू?"

"शी! काय बोलतास!" सासूबाई म्हणाल्या.

"मग हा विडीचा वास कुठून येतोय?"

अक्षरओळख नसलेल्या सासूबाई भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागल्या. मला असा संताप आला! जिवावर बेतलेलं, आणि लाज कसली धरायची? पण सुनेने सासूचं बिंग फोडायचं तरी कसं? माझ्या तोंडून निघून गेलं, "माझा वास तो. मी ओढते."

मग काय विचारता! डॉक्टरांनी मला फैलावर घेतलं. घरात थोरल्या सासऱ्यांचं काय झालं ते डोळ्यांनी पाहिलंस ना? विडी नुसती छातीला बाधत नाही, स्वादुपिंडाच्या त्या कॅन्सरचीही भीती वाढवते, असं आता मोठे डॉक्टर म्हणू लागलेत. "आणि बायकांना ती सोडते असं समजू नकोस. ओढणारा धोतरात आहे की लुगड्यात, हे विडीला काय कळतं?" आईबापांनी हेच शिकवलं का, म्हणत माझं माहेरही काढलं. मी मान खाली घालून हसू दाबत होते.

"पुरे!" सासूबाई उठून उभ्याच राहिल्या. "तिका कित्याक बोलतास? इडी मी ओढतंय. पंचवीस वर्सां झाली."

माझं हसू गेलं आणि रडूच आलं. या बाईचा माझ्यावर इतका जीव आहे, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

डॉक्टरांनी औषध दिलं, विडी बंद करायला सांगितली. दुखणं पुढे साध्या अल्सरचं निघालं आणि दोन महिन्यांत उतरलंही. पण त्या दिवशी ते कोणाला माहीत होतं? घरी पोचताच सासूबाई सरळ ओटीवर गेल्या आणि सासऱ्यांना सगळं सांगून टाकलं, डॉक्टरांच्या धोतर-लुगड्यासकट. आता सासरे घर डोक्यावर घेणार, म्हणून मी दारातच थांबले.

सासऱ्यांनी हातातली विडी विझवली. "माका म्हायत आसा," ते म्हणाले. दर बाजाराला ते एक बंडल जास्त आणत आणि मागच्या फळीवर मुद्दाम विसरत. पंचवीस वर्षं.

मग विझलेली विडी त्यांनी अंगणात भिरकावली. "माका वाटला, मी तुझे लाड करतंय."